ताशी खर्च

ब्रँडनहून आलेला पोरगा, नाव कोल्टन,
टोपी हातात धरून विचारतो,
"वर्षाला साधारण किती जातात हो?"
ओरेस्ट माझ्याकडे बघतो.
वही माझ्याकडे असते.

हँगरचं भाडं महिना एकशेचाळीस,
थंडीत दार गोठलं तर फावडं आपलं.
विमा. तो आकडा मी जरा हळू सांगते,
आजार सांगावा तसा.
दर पंचवीस तासांनी तेल,
मग जुना फिल्टर कापून उन्हात धरायचा,
धातूचा चुरा चमकतो का बघायचं.
नाही चमकला की त्या रात्री आम्ही बाहेर जेवतो.
तो खर्चही इथेच मांडलाय.

मॅग्नेटो, पाचशे तासांनी, अकराशे डॉलर.
चाकाची ट्यूब.
ती बसवताना फाटली म्हणून दुसरी ट्यूब.
कोसळलो तर हाक मारणाऱ्या यंत्राची बॅटरी,
जी एकदाही कामी आली नाही,
आणि मुदत संपली म्हणून फेकताना
दर वेळी मला बरंच वाटतं.
उंदीर. हो, उंदीर लिही.
डाव्या पंखात बिऱ्हाड केलं होतं त्यांनी,
माझ्या लोकरी मोज्याचं;
त्यांच्या मुतानं तळहाताएवढा पत्रा खाल्ला.
चार आण्याची कोंबडी म्हणतात,
पण मसाला मोजायला बसलं
की कोंबडी उडून गेलेली असते.

पोरगा हसत नाही, लिहून घेतो.
हे मला आवडतं.

अकरा वर्षं आमची गाडी बर्फात उभी होती,
गॅरेजात पंख होता म्हणून.
इंजिन आलं त्या साली छप्पर गळायला लागलं.
दोन्हींचे पैसे नव्हते.
आम्ही बादली विकत घेतली.

मागच्या वर्षी एकोणीस तास उडालं.
सगळी बेरीज, भागिले एकोणीस:
तो आकडा मी पेन्सिलीनं लिहिला, खोडला,
कागद तिथे पातळ झालाय.
यंदा शून्य तास.
मे महिन्यात डॉक्टरीणबाईंनी
हृदयाचा आलेख दोनदा उलगडून पाहिला
आणि सही केली नाही.
शून्यानं भागता येत नाही
हे डॉफिनच्या शाळेत शिकले होते मी,
मला वाटलं, ते गणितापुरतं असेल.

तरी भाडं चालू, विमा चालू.
तरी रविवारी हा जातो,
आत बसून यादी मोठ्यानं वाचतो,
फ्लॅप, ट्रिम, इंधन, पट्टा,
आणि उतरतो.

कोल्टन बॅटरी घेऊन पोटाखाली सरकतो.
शेपटीपाशी पोचल्यावर त्याचा आवाज येतो,
"एवढ्याशा जागेत आत कोण शिरलं होतं?"
मी, म्हणते.
लोखंडाचा ठोकळा रिवेटच्या टोकाला लावून
उताणी पडलेली, नाकावर पत्रा.
बाहेरून ओरेस्ट ठोकायचा,
हादरा मनगटातून दातांत जायचा.
मी आतून कळवायचं:
एक टकटक, पुन्हा मार.
दोन टकटक, झालं, पुढचा.
त्या हिवाळ्यात आम्ही बोलत नव्हतो.
कारण वहीत नाही, सांगणारही नाही.
पण साडेतीनशे रिवेट बसले त्या शेपटीत,
आणि प्रत्येकाला मी उत्तर दिलं.
एक वाकडा आहे, उजवीकडून तिसऱ्या रांगेत.
ते मात्र त्याला दाखवते.
घेणाऱ्याला माहीत असावं.

"विचार करून कळवतो," म्हणतो पोरगा,
गुडघे झटकतो, टोपी घालतो.
त्याची गाडी खडीच्या रस्त्यानं
सूर्यफुलांच्या वाळल्या शेतामागे जाते.
मी लिहिते: पाहुण्याला कॉफी, दोन डोनट,
सहा डॉलर चाळीस.

ओरेस्ट उजव्या चाकाशी उकिडवा बसलाय,
अंगठ्यानं दाबून बघतोय.
"मऊ लागतंय. ट्यूब मागवू एक?"

दोन मागव, म्हणते मी.